मधली जागा

टोकियो, १४ एप्रिल २०१२

ती. इत्सुको आत्यास सा. न.

मी चिहारु. कुशिरोच्या कागदगिरणीत काम करणाऱ्या तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. आजोबांच्या अंत्यविधीला तुम्ही दारातच उभ्या होता आणि बाबा 'आत ये' म्हणाले नव्हते. तेव्हा आईच्या पाठीमागून तुमच्याकडे टक लावून बघणारी ती मीच. आमच्या घरात तुमचं नाव काढत नाहीत. का, ते मला कोणी सांगितलेलं नाही. एवढंच माहीत आहे की तुम्ही तरुणपणी टीव्हीवर गायचात, 'सुइसेन सिस्टर्स' नावाच्या तिघींमध्ये, आणि आता बंदराजवळ बार चालवता.

मीही गायला आलेय. 'पेपर पॅरासोल' असं आमच्या ग्रुपचं नाव. आम्ही पाच जणी आहोत आणि एकाच फ्लॅटमध्ये राहतो. फोन मॅनेजर कुमागाईसाहेबांकडे जमा असतात. पत्रं मात्र ते उघडत नाहीत. म्हणतात, हल्ली पत्र कोण लिहितं?

मी मागच्या रांगेत, डाव्या टोकाला असते. मधोमध मिओरी. ती वाकायामाची, घरी आलुबुखारे खारवायचा धंदा. सतरा वर्षांची आहे, माझ्याहून एका वर्षाने मोठी. प्रत्येकीचा एक रंग ठरलेला असतो आणि चाहते त्या रंगाचे दिवे हातात धरतात; ती हसली की पुढची सगळी माणसं आपापले लाल दिवे हलवायला लागतात. माझा रंग राखाडी-निळा आहे. तो दिवा अंधारात दिसतही नाही.

गाण्यापेक्षा कठीण असतं ते हात मिळवणं. लोक सीडी घेतात, आतली चिठ्ठी दाखवतात आणि आवडत्या मुलीचा हात काही क्षण हातात धरून बोलतात. मिओरीची रांग जिन्यापर्यंत जाते. माझ्यासमोर टेबल आणि भिंत. एक म्हातारे गृहस्थ येतात, पण ते मी एकटी उभी दिसू नये म्हणून येतात, हे मला कळतं. घरी आल्यावर मी न्हाणीघरात नळ सोडून रडते. मिओरीला तेही कळलंय. ती काही विचारत नाही, नुसता टॉवेल देते.

दिव्यांसमोर उभं राहिलेलं माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नाही. काय करू, ते सांगाल का?

तुमची,
चिहारु


कुशिरो, २ मे २०१२

चि. चिहारूस,

आत्याला कोणी 'तुम्ही' म्हणतं का? परकी असल्यासारखं वाटतं. आधीच तुझ्या बापाने काही कमी परकी केलेली नाही.

रडणं थांबव. डोळे सुजले की गाल मोठे दिसतात.

आता रांगेचं ऐक. तू प्रत्येकाला 'आलात, आभारी आहे' म्हणत असशील. असं म्हटलं की माणसाला वाटतं, हिशेब फिटला. तो पुन्हा कशाला येईल? त्याचं नाव लक्षात ठेव आणि पुढच्या वेळी तोंड पाडून म्हण, 'इतक्या उशिरा? मला वाटलं विसरलात.' ज्याला खूश केलं तो घरी जाऊन झोपतो. ज्याला अपराधी वाटतं, तो परत येतो. गिऱ्हाइकांच्या बाबतीत मी आजही हेच करते.

हसताना तोंडावर हात नेतेस ना? हात आधी वर जाऊ दे, हसू मागून. हसू झाकलेलं दिसलं की ते खरं वाटतं.

आणि ती मिओरी. टॉवेल देणारी मुलगी मला आवडत नाही. जी वर उभी असते तिला चांगलं वागणं परवडतं. तू तिच्यावर रागावू नकोस, तिच्याजवळ राहा. प्रत्येक मधल्या मुलीकडे काहीतरी कमी असतंच. ते काय आहे ते बघून ठेव.

मी स्वतः मधली होते, म्हणून सांगते. रेइको आणि काझुए दोन बाजूंना आणि मध्ये मी, पिवळ्या झग्यात. कंटाळा आला म्हणून सोडलं. लोक काहीबाही सांगतील, त्यांचं ऐकू नकोस.

इथे धुकं हटायचं नाव घेत नाही. बारमध्ये जुनीच चार डोकी.

तुझी आत्या


टोकियो, २० ऑक्टोबर २०१२

प्रिय आत्या,

तू जादूगार आहेस. साकाता नावाचे एक केमिस्ट आहेत. त्यांना म्हटलं, 'मागच्या रविवारी मी सारखी दाराकडे बघत होते.' बिचारे लालबुंद झाले. आता दर वेळी येतात आणि दुकानातल्या पोऱ्यालाही आणतात. माझी रांग भिंतीपाशी वळते. कुमागाईसाहेबांनी मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. आत्तापर्यंत 'ए, डावीकडची' होते.

मिओरीकडे काय कमी आहे तेही कळलं. तिचा उजवा गुडघा. शाळेत उंच उडी मारताना दुखावला होता, तो नीट झालाच नाही. ती कोणाला सांगत नाही. सांगितलं तर साहेब तिला बसवून ठेवतील, आणि एकदा बसलेली मुलगी पुन्हा उभी राहत नाही. रोज कार्यक्रमाआधी ती दार लावून घेते आणि मी तिच्या गुडघ्याला पट्टी बांधते. परवा म्हणाली, 'तुझे हात थंड असतात, बरं वाटतं.' वाकायामाहून तिच्या आईने आलुबुखाऱ्यांची बरणी पाठवली, त्यातली अर्धी मला दिली.

आत्या, ती खरंच चांगली आहे. तुझं एवढं एकच चुकलं.

चिहारु


कुशिरो, ३ नोव्हेंबर २०१२

चि. चिहारूस,

माझं काहीही चुकलेलं नाही. ती चांगली आहे, आणि तू डाव्या टोकाला आहेस.

कोणाजवळ चुगली करू नकोस. चुगलखोर मुलगी लगेच ओळखू येते आणि साहेब लोक तिलाच आधी काढतात. गुडघ्याबद्दल तर अवाक्षर नको. नवं गाणं बसवायला घेतील तेव्हा साहेबांसमोर खाली मान घालून एवढंच म्हण, 'पुढचं गाणं जलद असतं तर बरं झालं असतं. उड्यांचं. आम्हाला मेहनत करून दाखवायची आहे.' सगळ्यांच्या वतीने म्हण. जास्त काम मागणाऱ्या मुलीला आजवर कोणी दोष दिलेला नाही.

पट्टी बांधत राहा. नीट घट्ट बांध. त्यात काही वावगं नाही.

पुढचं देव बघून घेईल.

आत्या


नागोया, १८ मार्च २०१३

आत्या,

हॉटेलातून लिहितेय. अक्षर लागेल ना?

तू सांगितलंस तसंच म्हटलं होतं. साहेब खूश झाले. म्हणाले, 'बघा, टोकाची मुलगी बोलतेय.' मिओरीने माझ्याकडे पाहिलं आणि तीही म्हणाली, 'हो, आम्ही करू.' ती दुसरं काय म्हणणार होती?

काल इथे मोठा कार्यक्रम होता. दुसऱ्या कडव्यात सगळ्यांनी उडी मारून खाली यायचं असतं. मिओरी खाली आली आणि कोरडी फांदी मोडावी तसा आवाज झाला. गाणं इतकं मोठ्याने चालू होतं, तरी मला ऐकू आलं. ती बसली. हसू जराही हललं नाही, आत्या. बसल्या बसल्याच ती हात हलवत राहिली, ओठ हलवत राहिली. लोकांना वाटलं, नाचच असा आहे. काहींनी तर मधलीला मान द्यायचा म्हणून स्वतःही बसून दिवे हलवले. सगळं लाल लाल. साहेब पडद्याआडून हाताने 'चालू दे, चालू दे' करत होते. उरलेली गाणी आम्ही तिच्याभोवती फिरून म्हटली. शेवटी पडदा पडल्यावर ती एकदाच ओरडली.

आज इस्पितळात गेले. डॉक्टर म्हणाले, ती चालू शकेल, पण नाचणं आता विसरा. मिओरी माझा हात धरून म्हणाली, 'मधली जागा तुलाच मिळू दे. दुसऱ्या कोणाला मिळाली असती तर मला वाईट वाटलं असतं.'

मला जेवण जात नाहीये. साहेबांनी आजच विचारलं, लाल रंग चालेल का म्हणून.

मी काय केलं, आत्या?

चिहारु


कुशिरो, २२ मार्च २०१३

चि. चिहारूस,

तू काही केलेलं नाहीस. तिने उडी मारली. नाही म्हणायला तिला तोंड होतं.

जेव. भात खा, खारवलेला मासा खा. मधल्या मुलीचे गाल बसलेले चालत नाहीत. लाल रंग घेऊ नकोस, लोक तुलना करतील. पांढरा माग.

तिला पुन्हा भेटायला जाऊ नकोस. पडलेल्या माणसाला भेटायला येणारे नको असतात. आणि तुझ्यासारखीला तर तिथे जाऊन आपलं मन हलकं करण्याचा मोह होईल. तुझं मन हलकं होईल आणि तिचं जन्मभरासाठी जड होऊन बसेल. गप्प राहणं हीच तुझी माया, असं समज.

तिचा निरोपाचा कार्यक्रम होईलच. आमच्या वेळी सरळ 'काढली' म्हणायचे. तुमच्यात म्हणे 'पदवी घेतली' म्हणतात. तिथे रड, पण ज्या बाजूला कॅमेरा असेल त्या डोळ्याने आधी.

आता माझं एक काम. तुझा फोटो मी बारमध्ये लावलाय, बाटल्यांच्या वर. गिऱ्हाइकं म्हणतात, 'इत्सुकोबाई, थापा मारू नका, ही तुमची भाची कशी असेल?' कधी रेडिओवर बोलताना सहज म्हण ना, माझी आत्या कुशिरोला असते, बार आहे तिचा. एवढं पुरे.

आत्या


कुशिरो, ९ डिसेंबर २०१३

चि. चिहारूस,

चार पत्रांचं उत्तर नाही. कामात असशील. टीव्हीवर बघते. पांढरा रंग खुलतो तुला.

परवा रेडिओवर तुला घरच्यांबद्दल विचारलं, तेव्हा 'आईबाबा आणि एक मांजर' म्हणालीस. बारमध्ये सगळे ऐकत होते. मी म्हटलं, विसरली असेल, लहान आहे. ते हसले, मीही हसले.

थंडी फार आहे. घसा जप.

आत्या


टोकियो, ५ जून २०१४

प्रिय आत्या,

लिहायला खरंच वेळ मिळाला नाही. रविवारी दुपारी टीव्हीवर होंजो यांचा कार्यक्रम असतो, तो बघत असशीलच. आता आम्ही तिथे दर आठवड्याला असतो. पुढच्या महिन्यात प्रत्येकीने घरचं एक माणूस आणायचं आहे. मी तुझं नाव दिलं. त्यांनी ऐकल्याबरोबर उड्याच मारल्या: आत्याही गायिका आणि भाचीही!

विमानाचं तिकीट ते पाठवतील. तो पिवळा झगा अजून असेल तर घालून ये. जुन्या कार्यक्रमाची एक टेपही त्यांनी कुठून तरी शोधून काढली आहे. तुला बघून मजा वाटेल.

सगळे तुझी वाट बघतायत.

चिहारु


कुशिरो, ११ जून २०१४

माझ्या लाडक्या चिहारूस,

तुझं पत्र काउंटरवर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. बंदरावरचा तो जाड्या ओनोदेरा, जो कधी कोणाला भाव देत नाही, तो उठून टाळ्या वाजवायला लागला. झगा काढला. कमरेत उसवून कापड घालावं लागलं, पण अंगात जातो. दुपारी बार बंद असतो तेव्हा जुनं गाणं म्हणून बघते. वरचा सूर लागत नाही. खालच्या पट्टीत घेईन.

आणि ऐक, तुझ्या बापाचा फोन आला. तीस वर्षांनी. म्हणाला, 'टीव्हीवर येणार आहेस म्हणे?' मी हो म्हटलं. मग म्हणाला, 'बघू.' फोन ठेवल्यावर मी तिथेच बसून राहिले.

पण ती टेप कोणती, ते जरा विचारशील का? सेंदाईची असेल तर ती लावू नका म्हणून सांग. १९८२ चा उघड्यावरचा कार्यक्रम होता, थेट प्रक्षेपण. सकाळपासून आम्हाला जागचं हलू दिलं नव्हतं. लघवीला जाऊ द्या म्हणून मी दोनदा विनवलं, तर म्हणाले, गाणं झाल्यावर जा. गाण्याच्या मध्येच झालं. झगा पिवळा, सगळं दिसलं. मी हसत गात राहिले, कारण तेच शिकवलं होतं. कॅमेरा खाली आला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी मला घरी पाठवलं. शाळेत पोरं तुझ्या बापाला नाक धरून दाखवायची, कितीतरी दिवस. त्याचा राग का आहे ते आता कळलं असेल.

आणि मी मधली होते हेही पूर्ण खरं नाही. रेइकोला ताप होता त्या आठवड्यात होते. तेवढी एक टेप चालेल.

तूच सांग त्यांना. तुझं ऐकतील.

तुझीच आत्या


कुशिरो, १५ जुलै २०१४

चिहारु,

कार्यक्रम संपल्यावर न सांगताच निघाले, म्हणून लिहितेय. तिकीट त्यांनीच काढलं होतं, तेव्हा निदान पोचल्याचं कळवावं.

होंजोने विचारलं, 'आत्याबाई, तुम्ही म्हणे मधल्या होतात?' मी हो म्हटलं. मग त्याने टेप लावली. सेंदाईचीच. सगळा हॉल हसत होता. मी पडद्याकडे नाही, तुझ्याकडे बघत होते. तुझा हात आधी तोंडावर गेला, हसू मागून आलं. होंजो म्हणाला, 'तुला ठाऊक होतं हे?' तू म्हणालीस, 'म्हणून तर आमच्याकडे पिवळं काही घेत नाहीत. धुतलं तरी कळत नाही.'

लोक खुर्चीतून खाली पडायचे बाकी होते. मीही हसले. मला तेवढंच येतं.

हे वाक्य तुला कोणी लिहून दिलं होतं का?

इत्सुको


टोकियो, २८ जुलै २०१४

आत्या,

वाक्य माझंच होतं.

तू रागावली असशील. पण मधल्या मुलीला दर आठवड्याला काहीतरी नवं द्यावं लागतं, हे तुझ्याइतकं कोणाला कळणार? खरं तर कळणार नाही, तू मधली नव्हतीसच. मी टेप थांबवली असती तर दुसरीने तिचा खुळा आजोबा आणला असता आणि मी टोकाला गेले असते. बाबांचा फोन आला होता. म्हणाले, आता दोघींची नावं काढणार नाही.

तू लोकांना आवडलीस. होंजोला तू दर महिन्याला हवी आहेस. झगा तोच. येशील का, एवढंच कळव.

चिहारु


कुशिरो, ६ ऑगस्ट २०१४

चिहारु,

येते.

बार आता भरलेला असतो. लोक बिअरला 'इत्सुकोबाईंचं पिवळं' म्हणतात आणि टेबल बडवतात. आधी मी नव्हतेच, आता निदान हसण्यापुरती तरी आहे. झगा धुवायला टाकलाय.

मिओरीचं पत्र आलं. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. लिहिते की त्या रविवारी एकटी तीच हसली नसेल. तिच्या वेळीही लोकांनी टाळ्याच वाजवल्या होत्या म्हणे. मी उत्तर पाठवलं. त्या उड्यांच्या गाण्याबद्दल तिला काही सांगितलेलं नाही.

इत्सुको


टोकियो, १० नोव्हेंबर २०१६

प्रिय आत्या,

तुझं कार्यक्रमात येणं बंद झालं त्यालाही आता दीड वर्ष झालं. लोक एकाच गोष्टीला किती हसणार, असं तेव्हा होंजो म्हणाले होते. मला वाटलं होतं, ते फक्त तुझ्याबद्दल आहे.

'पेपर पॅरासोल' संपलं. मागच्या रविवारी एका दुकानाच्या गच्चीवर शेवटचा कार्यक्रम झाला, मुलांच्या झोपाळ्यांशेजारी. मी बरेच दिवस शोधत होते की हे कोणी केलं. कोणाचा हात असेल, कोणी साहेबांचे कान भरले असतील. तसं कोणी सापडलं तर बरं, असं वाटायचं. पण कोणी काही केलेलं नाही, आत्या. लोकांना कंटाळा आला. कुमागाईसाहेबांनी चौदा वर्षांच्या मुलींचा नवा ग्रुप काढलाय. परवा जिन्यात भेटले तर चटकन माझं नाव आठवेना. साकाता आता तिकडच्या रांगेत असतात.

फ्लॅट महिन्याच्या शेवटी सोडायचा आहे. घरी फोन केला. आईने उचलला, माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, 'आपण चुकीचा नंबर लावलात.' अगदी नम्रपणे म्हणाली.

कुशिरोला येऊ का? पेले धुवीन, गिऱ्हाइकांशी बोलेन. तूच शिकवलंस, मला ते चांगलं जमतं. वरच्या मजल्यावरची खोली रिकामी असेल तर तिथे पडून राहीन. जे वागले त्याबद्दल समोर आल्यावर काय बोलायचं ते बोलेन.

तुझी,
चिहारु


कुशिरो, १७ नोव्हेंबर २०१६

चि. चिहारूस,

खोली रिकामी नाही. तिथे मिओरी राहते. मागच्या हिवाळ्यात चार दिवसांसाठी आली आणि राहिली. तिच्या गावात सगळे तिच्या पायाकडे बघायचे. इथली माणसं माझ्याकडे बघत असतात, त्यामुळे तिचं चालून जातं. काउंटरमागे उंच स्टुलावर बसते. ती आल्यापासून बिअरला कोणी 'पिवळं' म्हणत नाही. एकदा ओनोदेरा म्हणाला, तर तिने त्याचा पेला उचलून बेसिनमध्ये ओतला आणि त्याला शांतपणे विचारलं, 'दुसरं काय घेणार?' झगा तिने जाळला, मला न विचारता.

तुझं पत्र आलं तेव्हा तिने पाकिटावरचं नाव वाचलं. म्हणाली, 'ग्रुप संपला ना? तिला इकडेच बोलाव की. माझ्या खोलीत दोन गाद्या मावतात. कार्यक्रमाआधी तीच माझी पट्टी बांधायची, माहीत आहे?' मी म्हटलं, माहीत आहे.

सकाळी ती जिना उतरते तेव्हा मी खालीच असते. कठडा धरून, अंग तिरकं करून, एकेक पायरी. खाली आली की म्हणते, 'आत्या, चहा ठेवला का?' मलाही ती आत्याच म्हणते.

म्हणून तू येऊ नकोस. तू आलीस की आज ना उद्या बोलशील. तुझं तोंड मी ओळखते, ते मीच घडवलंय. तू रडशील, तिला सांगशील, ती कदाचित तुला माफही करेल. मग ती विचारेल, हे तुला सुचलं तरी कसं?

मी चांगली बाई आहे, असं जगात एकाच माणसाला वाटतं. या वयात ते मला सोडवत नाही.

तिला सांगितलंय की तुझं लग्न ठरलंय आणि तू दक्षिणेकडे राहायला जाणार आहेस. तिला फार आनंद झाला. तुझ्यासाठी काहीतरी विणायला घेतलंय. पूर्ण झालं की मी ते तुला पाठवल्याचं तिला सांगेन.

पुन्हा पत्र लिहू नकोस. पाकिटं तिच्या हाती पडतात.

इत्सुको